हाडातील वीज आणि हलणारा दात

दाताभोवतीचे झिजून गेलेले हाड विजेच्या अतिसूक्ष्म प्रवाहाने पुन्हा वाढवता येईल, ही कल्पना गेली पन्नास-साठ वर्षे दंतवैद्यकाच्या कडेकडेने वाटचाल करीत आली आहे. हिरड्यांच्या आजाराने दात हलू लागलेल्या माणसाला तिच्यात मोठा दिलासा दिसावा हे स्वाभाविक आहे, कारण दाताभोवतीचे हाड एकदा गेले की ते आपोआप परत येत नाही, हे त्याला दंतवैद्याने बजावून सांगितलेले असते. ही कल्पना भोंदूपणाची नाही. तिच्यामागे पदार्थविज्ञान आहे, प्राण्यांवरील प्रयोग आहेत आणि अस्थिरोगशास्त्रात तिला मिळालेली मान्यताही आहे. मात्र या विज्ञानाने हाडाविषयी जे शिकवले, त्याचा आज हाताशी असलेला सर्वांत मोठा उपयोग यंत्रे विकत घेण्यात नसून तोंडातला दात वेळीच राखण्यात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन महानगरातल्या सुसज्ज दवाखान्याच्या संदर्भात तपासण्यापेक्षा जालन्यासारख्या जिल्ह्याच्या संदर्भात तपासणे अधिक उपयुक्त ठरते, कारण कोणत्याही उपचाराची खरी कसोटी तो ज्यांना सर्वाधिक लागतो त्यांच्यापर्यंत पोहोचतो की नाही, यावरच लागते.

दात जबड्यात नेमका कसा बसलेला असतो, हे समजल्याखेरीज पुढचा विचार करता येत नाही. जबड्याच्या ज्या भागात दातांची मुळे रुतलेली असतात त्या भागाला दंतकोटराचे हाड म्हणतात. मुळाच्या पृष्ठभागावर सिमेंटम नावाचा, हाडाशीच नाते सांगणारा एक पातळ थर असतो, आणि हाड व सिमेंटम यांच्यामध्ये, साधारण पाव मिलिमीटरच्या फटीत, कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा दंतबंध असतो, ज्याचे एक टोक हाडात आणि दुसरे सिमेंटममध्ये रोवलेले असते. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा दाढेखाली येतो तेव्हा दाढ या तंतूंवर किंचित खाली दबते, तंतू ताणले जातात आणि चावण्याचा जोर कोटराच्या भिंतीपर्यंत ओढीच्या रूपाने पोहोचतो. म्हणजे दात हाडावर टेकलेला नसून हाडाला टांगलेला असतो, आणि या टांगलेपणातच पुढच्या सगळ्या चर्चेचे मर्म आहे.

लोक ज्याला पायोरिया म्हणतात, त्या आजारात ही सगळी रचना हळूहळू मोडते. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात जिवाणूंचा चिकट थर साचतो, लाळेतल्या क्षारांनी तो कडक होऊन त्याचा कीट बनतो, आणि शरीर त्या जिवाणूंशी लढताना जो दाह निर्माण करते, त्याच दाहातून हाड विरघळवणाऱ्या पेशींना चेतना मिळते. हाडात दोन प्रकारच्या पेशींचे काम सतत चालू असते: जुने हाड खाणाऱ्या अस्थिभंजक पेशी आणि नवे हाड रचणाऱ्या अस्थिजनक पेशी, निरोगी माणसात दोघींचा हिशेब जुळलेला असतो, तर पायोरियात तो पहिलीच्या बाजूने झुकतो. दंतवैद्य हे नुकसान एका बोथट टोकाच्या बारीक सळईने मोजतो, जिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. ही सळई हिरडी आणि दात यांच्यामधल्या खोबणीत अलगद सोडली की निरोगी जागी ती एक ते तीन मिलिमीटरवर थांबते; चार, सहा, आठ मिलिमीटर आत गेली तर तेवढा खोल खिसा तिथे तयार झालेला असतो आणि त्या खिशाच्या तळाशी हाड खचलेले असते. या साऱ्या काळात दात सहसा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही, आणि जातो तेव्हा दात बोटाने हलवून दाखवतो.

हाडाचा विजेशी संबंध कसा उमगला, याचा इतिहास रोचक आहे आणि त्यात भारताचाही एक धागा आहे. जपानमधील क्योटो येथील अस्थिशल्यविशारद इवाओ यासुदा यांनी १९५०च्या दशकात, हाडावर ताण दिला असता त्यात विद्युतविभव, म्हणजे विजेचा दाब, निर्माण होतो आणि उलट, बाहेरून वीज दिली असता हाड वाढते, अशी मांडणी केली; १९५७ मध्ये त्यांनी एइची फुकादा या पदार्थवैज्ञानिकासह माणसाच्या आणि बैलाच्या मांडीच्या हाडांचे वाळवलेले तुकडे घेऊन हाडाचा दाबविद्युत गुणधर्म मोजून दाखवला. दाबविद्युत म्हणजे एखाद्या पदार्थावर दाब वा ताण पडला असता त्याच्या पृष्ठभागांवर विद्युतभार उमटणे. हा गुण हाडाच्या खनिजापेक्षा त्यातल्या कोलॅजेनमुळे येतो, आणि कोलॅजेनच्या तीन पदरी पीळदार रेणूची रचना १९५४–५५च्या सुमारास मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी उलगडली होती. या पिळाला आरशातल्या प्रतिमेसारखी सममिती नाही, म्हणूनच त्याला ताण दिला की भार एका बाजूला सरकतो. मद्रासमध्ये रेणूचा पीळ उलगडणारे आणि जपानमध्ये हाड मोजणारे, हे दोन्ही गट एकाच कोड्याच्या दोन कडा धरून होते.

पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतील बॅसेट आणि बेकर यांनी वाकवलेल्या हाडाची दबलेली बाजू ऋणभारित होते असे दाखवले, आणि १९६४ मध्ये पॉलुक यांच्यासह कुत्र्यांच्या मांडीच्या हाडात सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून ऋणाग्राभोवती, म्हणजे विजेच्या ऋण टोकाभोवती, दोन-तीन आठवड्यांत नवे हाड तयार होते, हे प्रसिद्ध केले. मात्र जिवंत हाड वाळलेले नसते. त्यात केसाहून बारीक नलिकांचे जाळे असते, त्या नलिकांत क्षारयुक्त द्रव भरलेला असतो, आणि हाडावर भार आला की हा द्रव एकीकडून दुसरीकडे ढकलला जातो; द्रवाबरोबर भारित कण वाहतात आणि त्यातून जो विभव निर्माण होतो, त्याला प्रवाहजन्य विभव म्हणतात. ओल्या हाडात दाबविद्युतपेक्षा हा प्रवाहजन्य विभवच प्रभावी असतो, असे नंतरच्या संशोधनातून मान्य झाले. यातून एक प्रश्न उभा राहिला, जो आजही पूर्णपणे सुटलेला नाही: हाडातल्या पेशी विजेलाच प्रतिसाद देतात, की द्रवाच्या घर्षणाला, आणि वीज ही केवळ त्या प्रवाहाची सोबत असते? या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून केलेला कोणताही दावा घाईचा आहे. परंतु उत्तर काहीही आले तरी, वापरात असलेले, भार पेलणारे हाड टिकते आणि भारापासून वंचित झालेले हाड विरते, हे निरीक्षण अबाधित राहते.

बाहेरून वीज देण्याचे तीन मुख्य मार्ग अस्थिरोगशास्त्रात रुळले. पहिल्यात ऋणाग्राची तार थेट हाडात बसवून साधारण २० मायक्रोअँपिअर प्रवाह सोडतात. मायक्रोअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा दहा लाखावा भाग. सशांवरील प्रयोगांत ५ ते २० मायक्रोअँपिअर प्रवाहाने हाड वाढले, तर त्याहून जास्त प्रवाहाने तिथल्या ऊती मेल्या. हा धडा महत्त्वाचा आहे, कारण औषधाप्रमाणेच विजेचीही मात्रा असते आणि अधिक म्हणजे अधिक चांगले, हे तिथे चालत नाही. दुसऱ्या मार्गात त्वचेवर दोन पट्ट्या ठेवून ६० किलोहर्ट्झ वारंवारतेचे, सुमारे ५ व्होल्टचे क्षेत्र दिले जाते. तिसऱ्या मार्गात तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडतात, त्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते क्षेत्र हाडात सूक्ष्म प्रवाह प्रवर्तित करते.

हा तिसरा मार्ग जालनेकरांना समजावून सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखान्यांत भंगार लोखंड वितळवून त्याच्या सळ्या बनवल्या जातात, आणि ते वितळवणाऱ्या प्रवर्तन भट्ट्या मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या याच नियमावर चालतात: वेटोळ्यातला प्रवाह बदलतो, चुंबकीय क्षेत्र बदलते, त्या क्षेत्रात असलेल्या वाहकात प्रवाह उपजतो. भट्टीत तो प्रवाह इतका प्रचंड असतो की लोखंड दीड हजार अंश सेल्सियसच्या पुढे तापून पातळ होते; मोडलेल्या पायाभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्याने हाडात उपजणारा प्रवाह इतका मंद असतो की रुग्णाला काही जाणवतही नाही. नियम एकच आहे, परिणामांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर सर्वस्वी मात्रेने ठरते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७९ मध्ये न जुळणाऱ्या अस्थिभंगासाठी अशा साधनांना मान्यता दिली. बनावट, म्हणजे प्रत्यक्षात वीज न देणाऱ्या यंत्राशी तुलना करणाऱ्या १५ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानुसार क्ष-किरण चित्रात हाड न जुळण्याचे प्रमाण वीज दिलेल्या गटात सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळले. वेदनाही कमी झाल्या, मात्र रुग्णाच्या प्रत्यक्ष हालचाली व कामकाज सुधारल्याचे दिसले नाही. म्हणजे मोडलेल्या लांब हाडाच्या बाबतीत, जिथे हा उपचार चार दशकांहून अधिक काळ वापरात आहे, तिथेही पुरावा उपयुक्त असला तरी मध्यम ताकदीचाच आहे. ही बाब ध्यानात ठेवून मग दाताकडे वळले पाहिजे.

मोडलेला पाय आणि पायोरियाचा दात यांतला पहिला फरक जंतुसंसर्गाचा आहे. बंद अस्थिभंगात हाड त्वचेखाली, निर्जंतुक जागी जुळत असते. तोंडात मात्र जिवाणूंचा थर दात घासल्यानंतर काही तासांतच पुन्हा बसू लागतो. ज्या दाहाने हाड खाल्ले तो दाह चालू असताना हाड रचणाऱ्या पेशींना विजेने हाक देणे म्हणजे गळक्या टाकीत पाणी ओतत राहणे आहे. विशिष्ट प्रतिजैविकांबरोबर मंद वीज दिल्यास जिवाणूंचा थर अधिक सहज मरतो, असा परिणाम १९९०च्या दशकारंभी प्रयोगशाळेत आढळला होता आणि त्यावर पुढेही काम झाले. तरी कीट काढण्याचे काम वीज करू शकत नाही, ते हत्यारानेच करावे लागते.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे आणि सामान्य लेखनात तो बहुधा वगळला जातो. पायात केवळ हाड हवे असते. दाताभोवती मात्र हाड, सिमेंटम आणि त्यांच्यामधला दंतबंध, ही तिन्ही एकाच वेळी, योग्य क्रमाने आणि योग्य जागी परत यावी लागतात. १९७६ मध्ये मेल्चर यांनी असे सूत्र मांडले की शस्त्रक्रियेनंतर मुळाच्या पृष्ठभागावर ज्या पेशी आधी पोहोचतात, त्यांवरून तिथे काय तयार होणार हे ठरते. हिरडीची पृष्ठपेशी सर्वांत वेगाने वाढते आणि मुळाच्या कडेने खाली उतरून जागा बळकावते. मग तिथे हाड चिकटत नाही. दंतबंधाच्या पेशी आधी पोहोचल्या तरच खरी पुनर्रचना होते. आणि हाडाच्या पेशी थेट मुळावर आल्या तर हाड आणि दात एकमेकांना जखडले जातात, दंतबंध उरत नाही, व कालांतराने हाडाची सतत चालणारी पाडापाडी मुळालाच खाऊ लागते. म्हणूनच १९८२ मध्ये स्वीडनमधील न्यूमन, लिंडे आणि कारिंग यांनी हिरडी व मूळ यांच्यामध्ये एक पडदा बसवून हिरडीच्या पेशींना अडवण्याची पद्धत दाखवली, आणि आजच्या पुनर्रचना शस्त्रक्रियेचा पाया त्यातून घातला गेला. विजेला या तीन प्रकारच्या पेशींत भेद करता येत नाही. ती सगळ्यांनाच हाक देते, आणि दाताभोवती सगळ्यांनीच धावून येणे इष्ट नसते.

या दिशेने काम झालेलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९७०च्या दशकात जिवंत प्राण्यांच्या दात-हाडाच्या संचातील विद्युतविभव मोजले गेले. १९८०च्या सुमारास डेव्हिडोविच आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या हिरडीशी विद्युतअग्रे ठेवून सरकवलेल्या दाताभोवती हाडाची उलाढाल वेगवान होते असे दाखवले. कुत्र्यांच्या जबड्यात मुद्दाम केलेल्या हाडाच्या खड्ड्यांवर तुर्कस्तानातील संशोधकांनी २००५ मध्ये विद्युतउत्तेजनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अलीकडे दाबाखाली स्वतःच वीज निर्माण करणारे पडदे आणि सच्छिद्र भराव, म्हणजे बॅटरी वा तारेशिवाय चावण्याच्या जोरावरच चालणारे पदार्थ, हा विषय पदार्थवैज्ञानिकांच्या आस्थेचा झाला आहे, आणि त्याचे भवितव्य बाहेरून जोडायच्या यंत्रांपेक्षा अधिक आशादायक वाटते. असे असूनही युरोपीय परिदंतशास्त्र महासंघाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपचार-मार्गदर्शिकेत विद्युतउत्तेजनाला स्थान नाही. तिच्यातला क्रम साधा आहे: आधी रुग्णाच्या सवयी आणि तोंडाची स्वच्छता, मग हिरडीखालचा कीट काढणे, मग उरलेल्या खोल खिशांवर शस्त्रक्रिया, आणि ३ मिलिमीटर किंवा अधिक खोलीचा हाडाचा खड्डा असेल तरच पुनर्रचनेचा प्रयत्न. भिंती शिल्लक असलेल्या खड्ड्यात हाड भरून येऊ शकते. सगळीकडून सारखे खाली खचलेले हाड मात्र आजच्या कोणत्याही पद्धतीने भरवशाने वर येत नाही. पायोरियाच्या बहुसंख्य रुग्णांचे हाड दुसऱ्या प्रकारे गेलेले असते, ही कटू वस्तुस्थिती आशेच्या भरात लपवली जाऊ नये.

येथवर पाहता विजेचा विचार बाजूला ठेवावा असे वाटेल. पण तो निष्कर्ष अर्धवट ठरेल. हाडातील विजेच्या अभ्यासाने जो मुख्य धडा दिला, तो दंतवैद्यकात अगदी निराळ्या जागी लागू पडतो. दंतबंधाने टांगलेला दात प्रत्येक घासाला कोटराच्या भिंतीला ओढ देतो, भिंत किंचित वाकते, नलिकांतला द्रव हलतो, विभव उमटतो, पेशींना निरोप जातो. दिवसातून शेकडो वेळा, कोणतेही यंत्र न लावता, आयुष्यभर चालणारे हे उत्तेजन आहे. दात काढला की ते थांबते. डेन्मार्कमधील एका अभ्यासात, जो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, एक दाढ किंवा उपदाढ काढल्यानंतर बारा महिन्यांत तिथल्या जबड्याच्या कड्याची रुंदी सुमारे निम्म्याने घटली, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली. या घटीला केवळ विजेचा अभाव कारणीभूत नाही. दंतबंधाबरोबर तिथला रक्तपुरवठा जातो आणि कोटराचा जो आतला थर दातासाठीच अस्तित्वात असतो, तो निरुपयोगी होऊन विरतो. पण ही सगळी कारणे एकाच घटनेतून उद्भवतात, ती म्हणजे हाडाचा भाराशी असलेला सांधा तुटणे.

कवळीने हा सांधा परत मिळत नाही. कवळी हिरडीवर बसते, चावण्याचा जोर वरून दाबाच्या रूपाने देते, आणि असा दाब हाड राखण्याऐवजी झिजवतो. अंत्ये टालग्रेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यात पूर्ण कवळी वापरणाऱ्यांचे जबड्याचे हाड वर्षानुवर्षे कमी होतच गेले, आणि खालच्या जबड्यात हे प्रमाण वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट होते. ज्यांच्या घरात वृद्ध माणसे आहेत त्यांना हे आकड्यांशिवायही ठाऊक असते: कवळी पहिल्या वर्षी घट्ट बसते, पुढे ढिली होते, शेवटी ताटाशेजारी काढून ठेवली जाते आणि भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून खावी लागते. म्हणून हलणारा प्रत्येक दात काढून टाकण्याची घाई ही हाडाच्या दृष्टीने दुहेरी हानी आहे. ज्या दाताला आधारच उरलेला नाही तो काढावाच लागतो, आणि दाह चालू असलेल्या दातावर जास्त भार पडला तर नुकसान वाढते, हे दोन्ही अपवाद मान्य करूनही, आजार आटोक्यात आणून राखलेला दात हा जबड्याच्या हाडाला मिळणारा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दीर्घकाळ चालणारा विद्युतउपचार आहे.

आता जालना जिल्ह्यात हा दात राखला जाण्याची शक्यता किती, याकडे पाहिले पाहिजे. १९८१ मध्ये स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे २०२४ मध्ये सुरू झाले. शासकीय दंत महाविद्यालयासाठी मात्र साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जावे लागते, आणि मंठा किंवा परतूर तालुक्यातल्या माणसाला आधी जालना गाठावे लागते ते वेगळेच. हिरडीखालचा कीट काढणे हे काम एका बैठकीत संपत नाही, आणि ते झाल्यावर दर काही महिन्यांनी तपासणी लागते. दात काढणे मात्र एकाच खेपेत होते. ज्याची रोजंदारी बुडते त्याचा निर्णय कुठे झुकणार, हे सांगायला नको.

तंबाखूचा प्रश्न त्याहून खोल आहे. २०१६–१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात असे आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही हे चित्र आहे. ग्रामीण स्त्रियांमध्ये त्याचे रूप मिसरीचे असते. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजली जाते, तिची पूड करून डबीत भरली जाते, आणि सकाळी चिमूटभर पूड तर्जनीवर घेऊन ती दातांवर व हिरड्यांवर घोळवली जाते. थोडी तशीच तोंडात राहू दिली जाते. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके जड होते, अशी तक्रार बायका करतात, आणि ती खोटी नसते, कारण निकोटीनची सवय जडलेली असते. आई दात घासते म्हणून मुलगी बोट डबीत घालते. ही पूड हिरडीशी जिथे रोज टेकते तिथे हिरडी मागे सरकते आणि मूळ उघडे पडते. जिला आपण दात साफ करीत आहोत असे मनापासून वाटते, तिच्यावर दुर्लक्षाचा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. तिला कुणी सांगितलेलेच नाही.

याच्याच जोडीला एक समज पक्का आहे की दवाखान्यात दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात. या समजामागे निरीक्षण आहे, फक्त कारणाची गफलत आहे. कीटाचा जाड थर दोन-तीन दातांना एकत्र बांधून धरतो. तो काढला की हाड आधीच किती गेले आहे ते उघडे पडते आणि दातांत फटी दिसतात. काही आठवड्यांनी सूज उतरते, हिरडी घट्ट होते आणि खोल खिसे सरासरी दीड-पावणेदोन मिलिमीटरने उथळ होतात. हे आधीच समजावून सांगितलेला रुग्ण पुन्हा येतो. न सांगितलेला गावात जाऊन चार जणांना परावृत्त करतो.

अशा परिस्थितीत विद्युतउत्तेजनाचे यंत्र आणले तर काय होईल? हाडासाठीची साधने रोज काही तास, आठवडेच्या आठवडे वापरावी लागतात. जिल्ह्यातली अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात; उसाच्या फडाजवळच्या कोपीत हा उपचार सांभाळला जाणार नाही. ज्यांच्या हृदयात गतिनियामक यंत्र बसवलेले आहे त्यांना अशी साधने वर्ज्य आहेत. शिवाय अद्याप सिद्ध न झालेला उपचार महाग दरात विकला जाण्याचा धोका असतो, आणि तो सर्वांत आधी त्याच माणसाच्या गळ्यात पडतो ज्याला दात जाण्याची भीती वाटते पण खात्रीची माहिती मिळत नाही.

तरीही संशोधन श्रीमंत देशांवर सोपवून मराठवाड्याने स्वस्थ बसावे, हा युक्तिवाद मान्य करण्यासारखा नाही. जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून आहे, शेजारच्या जिल्ह्यात शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि पोलाद उद्योगामुळे प्रवर्तन वीज हाताळणारे कुशल तंत्रज्ञ शहरातच आहेत. चावण्याच्या जोरावर वीज निर्माण करणारा पडदा स्वस्तात बनवता येईल काय, हा प्रश्न इथल्या रसायनशास्त्रज्ञांनी घेण्याजोगा आहे, कारण असा पडदा एकदा बसवला की रुग्णाला रोज काही करावे लागत नाही, आणि ऊसतोडीला गेलेल्या माणसालाही तो सोबत करतो. पण त्याची चाचणी प्रामाणिक असली पाहिजे: वीज न देणाऱ्या पण दिसायला सारख्याच पडद्याशी तुलना हवी, हाड किती भरले याबरोबरच दंतबंध जागेवर राहिला की नाही आणि रुग्ण पूर्वीसारखे चावू शकतो की नाही हे मोजले पाहिजे, आणि तंबाखू व मधुमेह असलेल्यांना वगळून निवडक निरोगी रुग्णांवर मिळवलेले यश जिल्ह्यातल्या सर्वांचे म्हणून सांगितले जाऊ नये. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजाराने साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते, त्यामुळे या रुग्णांना वगळणे म्हणजे प्रश्नालाच वगळणे आहे.

तोपर्यंतचे काम ठरलेले आहे आणि त्याला कोणत्याही शोधाची वाट पाहावी लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाची तपासणी होते तिथेच हिरड्याही पाहिल्या जाव्यात, आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीत मिसरीच्या डबीचा विषय निघावा, ऊसतोडीला निघण्यापूर्वीच्या आठवड्यांत गावोगावी कीट काढण्याची शिबिरे भरावीत आणि मजूर परतल्यावर त्याच रुग्णांची पुन्हा तपासणी व्हावी. दात घासताना रक्त येत असेल, हिरडी सुजलेली असेल किंवा दातांत पूर्वी नसलेली फट दिसत असेल, तर दात हलण्याची वाट न पाहता दंतवैद्याकडे जावे. आणि दंतवैद्याने दात काढायला सांगितले, तर तो राखता येईल काय, हा प्रश्न त्याला न संकोचता विचारावा.